उंदीर कुणाच्या हद्दीतला?

1905 च्या अखेरीपासून मुंबईत मेलेल्या उंदरालाही पत्ता असे. तो कोणत्या रस्त्यावर, कोणत्या इमारतीत सापडला याची चिठ्ठी त्याच्याबरोबर परळला जाई. तिथे जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधल्या प्रयोगशाळेत त्याची चिरफाड होई आणि आत प्लेगची लक्षणं आहेत की नाहीत याची नोंद होई. वर्षभरात असे लाखाहून अधिक उंदीर तपासले गेले. शहराच्या नकाशावर माणसांच्या मृत्यूंची ठिकाणं होतीच, त्यांच्या शेजारी आता उंदरांचीही ठिकाणं आली.

प्लेगचं कोडं सोडवायला नेमलेल्या संशोधक आयोगाचं हे काम. मुंबईत दोन जातींचे उंदीर नांदतात हे त्यातून स्पष्ट झालं. एक मोठा, तपकिरी. तो गटारांत, तबेल्यांत, दोन इमारतींमधल्या बोळांत राहणारा. दुसरा लहान, काळा. तो कौलांत, माळ्यावर, धान्याच्या डब्यांमागे, म्हणजे माणसाच्या उशापायथ्याशी वावरणारा. साथ आधी गटारातल्या उंदरांत पसरे. साधारण दहा दिवसांनी ती घरातल्या उंदरांत येई आणि त्यानंतर आणखी दहा ते चौदा दिवसांनी माणसं आजारी पडू लागत. या साखळीतला दुवा पिसवांचा होता. परळला आयोगाने कौलारू छपरांच्या लहान खोल्या मुद्दाम बांधल्या आणि त्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीलगतच्या पिंजऱ्यातल्यांना प्लेग झाला. जमिनीपासून दोन फूट उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले वाचले, कारण पिसू चारेक इंचांपलीकडे उडी मारू शकत नाही.

पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने पिसवेवर बोट 1898 सालीच कराचीत ठेवलं होतं. तेव्हा त्याचं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पण परळच्या नोंदींमधून पिसवेपलीकडचंही काही निघत होतं आणि ते घरमालकांना, पालिकेला आणि भाडेकरूंना सारखंच अडचणीचं होतं. रोग खोलीत जन्माला येत नव्हता, बाहेरच्या सामाईक जागेतून आत येत होता. भाडेपावती तर खोलीची होती. गटाराची, जिन्याखालच्या अंधाराची, मागच्या बोळाची पावती कुणाच्याच नावावर फाटत नव्हती.

त्या बोळाला मुंबईत घरगल्ली म्हणतात. बोलताना हाउसगल्ली. 1888 च्या मुंबई महापालिका कायद्यात तिची रीतसर व्याख्या आहे: सांडपाणी वाहून नेण्यासाठी, किंवा संडास आणि घाणीच्या टाक्यांपर्यंत सफाई करणाऱ्यांना पोचता यावं म्हणून राखलेली जमिनीची पट्टी. म्हणजे कायद्याच्या लेखीही ही जागा राहणाऱ्यांची नव्हे, राहणाऱ्यांची घाण काढणाऱ्यांची. इमारतींच्या पाठी एकमेकींकडे करून मध्ये जेमतेम माणूस आडवा सरकेल एवढी फट सोडायची, वरच्या मजल्यांच्या मोऱ्यांचे नळ तिथे सोडायचे आणि टोपल्यांच्या संडासांची तोंडंही तिथेच काढायची, हा एकोणिसाव्या शतकातल्या चाळ-बांधणीचा शिरस्ता होता. टोपल्या भरल्या की हलालखोर त्या बोळातून आत शिरून मैला उचलून नेई. पालिका त्यासाठी मालकांकडून हलालखोर कर वसूल करी.

खोलीची जमीन सारवलेली, तांब्यापितळेची भांडी लखलखीत घासलेली आणि खिडकीखाली मात्र हा प्रकार. चाळीतल्या बायकांच्या टापटिपीचं कौतुक तेव्हाच्या इंग्रज पाहुण्यांनीही केलं आहे. घूस मात्र त्या टापटिपीला बधत नसे. ती पायाच पोखरत असे.

मुंबईतला प्लेगचा पहिला रोगी डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी ओळखला. मूळचे गोव्याच्या हडफड्याचे हे डॉक्टर तेव्हा मांडवीत व्यवसाय करत. सप्टेंबर 1896 मध्ये तापाने आणि गाठींनी फणफणलेले रोगी पाहून त्यांनी हा ग्रंथिक सन्निपात असल्याचं जाहीर केलं. मांडवी म्हणजे बंदराला चिकटलेला, धान्याच्या वखारींनी भरलेला भाग. खाली गोण्या, वर भाडेकरू. उंदराला याहून सोयीची वस्ती कुठली? माणसांआधी वखारींत उंदीर मरत असल्याचं तिथल्या लोकांनी पाहिलं होतं. दख्खनच्या खेड्यांत तर ‘उंदीर पडले’ एवढे दोनच शब्द पुरत. ते कानावर आले की गावकरी चंबूगबाळं आवरून माळावर झोपड्या टाकायला निघत. विज्ञानाला जे सिद्ध करायला दहा वर्षं लागली, ते गावकऱ्यांनी अनुभवाने ताडलं होतं.

सरकारी डोकं वेगळ्या दिशेने चालत होतं. दूषित हवा, कोंदटपणा आणि घाण यांतून रोग उपजतो ही समजूत अधिकाऱ्यांत रुजलेली होती. पालिका आयुक्त पी. सी. एच. स्नो यांनी गटारांतून समुद्राच्या पाण्याचे आणि कार्बोलिक ॲसिडचे लोट सोडले. ठरलेल्या जागी राहणारा गटारातला उंदीर या माऱ्याने बिथरून घरात घुसला आणि साथीला उलट हातभार लागला असावा, असं पुढच्या काळातल्या अभ्यासकांनी म्हटलं आहे. मार्च 1897 मध्ये ब्रिगेडियर जनरल गेटेकर यांच्या हाताखाली प्लेग समिती आली. झडत्या सुरू झाल्या. अंथरुणं-पांघरुणं जाळली गेली, भिंतींना चुना फासला गेला, उजेड यावा म्हणून छपरांची कौलं काढली गेली. राहण्यास अयोग्य ठरलेल्या इमारतींवर ‘यू. एच. एच.’ ही तीन अक्षरं रंगवली गेली.

या सगळ्या खटाटोपाचा रोख खोलीवर होता, म्हणजेच भाडेकरूवर. त्याचं अंथरूण जळालं, त्याच्या घरात शिपाई शिरले, त्याच्या माणसाला आर्थर रोडच्या इस्पितळात उचलून नेलं गेलं. ज्या बोळातून उंदीर आला त्या बोळाच्या मालकाची एक चटईसुद्धा जळाली नाही. साथीत निम्म्याच्या आसपास शहर गाव सोडून पळालं. रिकाम्या खोल्यांचं भाडं बुडालं हा मालकांचा तोटा खरा, पण त्याला शिक्षा म्हणता येत नाही.

एका बाबतीत मात्र पालिकेला जबाबदारी नेमकी कुणाच्या खांद्यावर आहे हे पक्कं ठाऊक होतं. रोग्यांना सक्तीने इस्पितळात नेण्याचा हुकूम ऑक्टोबर 1896 मध्ये निघाला आणि शहर खवळलं. महिन्याच्या अखेरीस गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली. स्नो यांनी हुकूम सैल केला. त्यामागची भीती त्यांनी स्वतःच्या अहवालात नोंदवली आहे: सक्तीला घाबरून झाडूवाले आणि हलालखोर शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही. गिरणी बंद पडली तर मालकाचा नफा बुडाला असता, हलालखोर गेले असते तर शहरच बुडालं असतं. त्या ज्ञानाचा परिणाम त्यांच्या पगारावर किंवा राहण्यावर झाल्याचं मात्र दिसत नाही.

मग उंदीर मारण्याची मोहीम आली आणि प्रश्नाला नवीन फाटा फुटला. पिंजरे वाटले गेले, विष पेरलं गेलं. मांडवी-भुलेश्वराकडच्या जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांना जीवहत्या मान्य नव्हती. पिंजरा लावायचा तर कुणाच्या दारात, विषाची गोळी ठेवायची तर कुणाच्या जिन्याखाली, मेलेला उंदीर उचलायचा कुणी, या तंट्यांना अंत नव्हता. आपल्या खोलीत पिंजरा न लावणारा शेजारी शेजाऱ्याच्या उंदराला अभय देत होता. सामाईक जागेत एकाचा नकार सगळ्यांना लागू होतो हे चाळीने प्लेगच्या आधीच अनुभवलेलं होतं. आता ते आरोग्यखात्याच्या कागदांवरही आलं.

प्लेगमधून जन्माला आलेली सर्वांत मोठी संस्था म्हणजे 1898 ची मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. तिचा इलाज सोपा होता: वाईट वस्ती पाडायची, रुंद रस्ता काढायचा, वारा आत घ्यायचा. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, नागपाडा, पुढे दादर-माटुंग्याच्या वसाहती ही तिची कामं. सँडहर्स्ट रोडवरून जाताना समुद्राचं वारं शहरात खेळवण्याचा तो बेत अजून कळतो. पण पाडलेल्या घरांतले लोक रुंद रस्त्यावर राहायला आले नाहीत, ते शेजारच्या चाळींत दाटीवाटीने शिरले. तिथल्या घरगल्ल्यांवर आणखी मोऱ्यांचं पाणी पडू लागलं.

ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांना हे दिसत होतं. 1912 च्या सुमारास त्यांनी मुंबईच्या घरांतल्या उजेड-हवेवर व्याख्यानं दिली. इमारतीची उंची आणि समोरची मोकळी जागा यांचं प्रमाण साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाने ठरवावं, असा त्यांचा आग्रह होता. खिडकीतून त्या कोनात आकाश दिसलं पाहिजे, नाहीतर खोली राहण्यालायक नाही. भूमितीत बसवलेला हा नियम खरंतर घरगल्लीविरुद्धचा खटला होता. मालकांना तो कोन परवडणारा नव्हता. दोन फुटांच्या फटीऐवजी वीस फूट सोडायचे म्हणजे खोल्यांची एक अख्खी रांग गमवायची.

मालकांचं ऐकलं जाण्याचं कारणही उघड होतं. पालिकेचे मतदार मुख्यतः घरपट्टी भरणारे होते आणि घरपट्टी मालक भरत. 1922 मध्ये महिना दहा रुपये भाडं देणाऱ्यांना मत मिळालं, पण गिरणगावातल्या खोलीचं भाडं दहा रुपयांच्या बरंच खाली असे. तेव्हा उंदरांबद्दलचा ठराव ज्या सभागृहात यायचा, तिथे उंदरांबरोबर झोपणारा क्वचितच असायचा.

याच काळात सरकार स्वतः घरमालक झालं. गव्हर्नर लॉइड यांच्या कारकिर्दीत 1920 साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टरेट हे खातं निघालं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून 207 चाळी उभ्या राहिल्या. तळमजला अधिक तीन मजले, मजल्यावर वीस खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. मधोमध अंधारी गल्ली आणि दोन्ही बाजूंना दारं. भिंती काँक्रीटच्या, कौलं नाहीत, म्हणजे काळ्या उंदराचं आवडतं घर गेलं. संडास प्रत्येक मजल्यावर सामाईक. ‘बीडीडी’ या तीन अक्षरांखाली पुढे कामगार, पोलीस, दलित चळवळीतले कार्यकर्ते, लेखक, कलावंत यांच्या पिढ्या वाढल्या. सुरुवातीला मात्र या खोल्या भरायलाच वेळ लागला. शहराबाहेरची जागा, जास्त भाडं आणि अंधार, या तिन्ही गोष्टी कामगाराला पटल्या नाहीत.

मालक सरकारच असल्याने बोळाची जबाबदारी कुणाची, हा वाद इथे तरी मिटायला हवा होता. झालं असं की एक खातं बांधणार, दुसरं भाडं घेणार, तिसरं दुरुस्ती करणार आणि कचरा पालिका उचलणार. खासगी चाळीत भाडेकरू निदान मालकाच्या मेहत्याची गचांडी तरी धरू शकत असे. इथे अर्ज लिहायचा, तो कोणत्या खात्याकडे हेही शोधायचं.

डासांची गोष्ट थोडी वेगळी आणि मालकांच्या अंगाला जास्त लागणारी. 1911 मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचा अहवाल दिला आणि शहरातल्या घरांमधल्या, आवारांमधल्या विहिरींकडे बोट दाखवलं. मलेरियाचा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि विहिरींत तसं पाणी भरपूर. विहीर मालकाच्या आवारात, तेव्हा ती बंद करण्याची किंवा झाकण्याची नोटीस मालकालाच. इथे ‘सामाईक जागा कुणाची’ हा प्रश्न नव्हता. पण विहिरीला धर्म होता. पारशी आणि हिंदू घरांनी विधींसाठी विहिरीचं पाणी लागतं, असं सांगून विरोध केला आणि पालिकेला झाकणांच्या, जाळ्यांच्या तडजोडी कराव्या लागल्या. तरीही डासांबाबत मुंबई उंदरांपेक्षा लवकर शहाणी झाली. पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवं, नाहीतर मालकावर खटला, हा रिवाज तेव्हापासूनचा. आजही पावसाळ्यापूर्वी पालिकेच्या कीटकनाशक विभागाची माणसं गच्चीवर चढून टाक्या उघडून पाहतात ती याच परंपरेत.

टाकीला मालक असतो, बिळाला नसतो. म्हणून उंदीर मागे राहिला.

ढेकणांची तऱ्हा त्याहून अवघड. ढेकूण कायदेशीरदृष्ट्या अगदी खोलीतला प्राणी. पलंगाच्या सांध्यात, भिंतीच्या भेगेत, कॅलेंडरमागे. म्हणून तो भाडेकरूचाच मानला गेला आणि त्याची लाजही भाडेकरूच्याच वाट्याला आली. रविवारी खाटा गॅलरीत काढायच्या, सांध्यांत उकळतं पाणी ओतायचं, रॉकेलचा बोळा फिरवायचा, पुढे फ्लिटचा पंप आणि ‘टिक ट्वेंटी’ची बाटली. पण चाळीच्या दोन खोल्यांमधली भिंत म्हणजे अनेकदा लाकडी फळ्यांवर चढवलेला गिलावा. एका खोलीत फवारलं की ढेकूण दुसऱ्या खोलीत बिऱ्हाड करत. सगळ्या मजल्याने एकाच दिवशी फवारलं तरच उपयोग होई आणि सगळा मजला एकाच दिवशी फक्त गणपतीत एकत्र येई. उन्हाळ्यात चाळीतले पुरुष गॅलरीत, गच्चीवर, फुटपाथवर झोपत ते केवळ वाऱ्यासाठी नाही.

स्वातंत्र्याच्या तोंडावर कायद्याने हे गणित पार बदलून टाकलं. 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा फेब्रुवारी 1948 पासून लागू झाला आणि जुन्या इमारतींची भाडी सप्टेंबर 1940 च्या पातळीवर थिजली. महायुद्धानंतर, फाळणीनंतर शहरात लोटलेल्या माणसांना संरक्षण हवं होतं आणि ते मिळालं. हा कायदा नसता तर गिरणगाव विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उरलंच नसतं. त्यात मालकाची कर्तव्यंही होती: जागा दुरुस्त ठेवायची आणि पाणी, वीज, जिन्यातला व गॅलरीतला दिवा, मैला-कचऱ्याची सफाई यांसारख्या अत्यावश्यक सेवा तोडायच्या नाहीत. कलम वाचलं तर सामाईक जागा मालकाच्या अंगावर आहे हे स्पष्ट दिसतं.

आता मालकाच्या बाजूने पाहा. 1940 साली महिना बारा रुपये भाडं असलेल्या खोलीचं भाडं 1980 सालीही जवळपास तेवढंच. दरम्यान रंगारी, गवंडी, झाडूवाला, सगळ्यांची मजुरी कित्येक पटींनी वाढलेली. मालकाने घरगल्ली साफ करायला माणूस लावला तर महिन्याचं भाडं त्यातच संपावं. त्याला इमारतीत रस उरला तो दोनच गोष्टींपुरता: खोली हातबदल होताना मिळणारा पागडीतला वाटा आणि कधीतरी रिकामी होणारी जमीन. उंदीर, घुशी, तुंबलेली मोरी यांनी इमारत लवकर खिळखिळी झाली तर काहींना ते चालण्यासारखंच होतं. भाडेकरूंच्या बैठकांतून हा संशय कितीदा व्यक्त झाला याची गणती नाही आणि तो नेहमीच निराधार होता असंही नाही.

इमारती पडू लागल्यावर सरकार मध्ये पडलं. बेडेकर समितीच्या अहवालानंतर 1969 चा कायदा आला, दुरुस्ती मंडळ स्थापन झालं आणि दुरुस्ती उपकर बसला. बेटावरच्या 19,642 इमारती त्याखाली आल्या. पण मंडळाचं काम तुळया, खांब, जिने यांचं. पोखरलेला पाया मंडळाकडे जाई, तो पोखरणारी घूस नाही.

डिसेंबर 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं की भाडी अशी कायमची गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यातून 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला, तो 31 मार्च 2000 पासून लागू आहे. वर्षाला चार टक्के वाढ मान्य झाली. दुरुस्तीचं जुनं कर्तव्य कलम 14 मध्ये राहिलं आणि त्यात भाडेकरूला एक हत्यारही आहे: मालकाने दुर्लक्ष केलं तर पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, स्वतः काम करून घ्यावं आणि खर्च भाड्यातून वळता करावा. अट एवढीच की एका वर्षात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त नसावी. समजा जुन्या चाळीतल्या खोलीचं भाडं सगळ्या वाढी धरून महिना शंभर रुपये आहे. वर्षाचे बाराशे. त्यातले तीनशे वळते करता येतील. तीनशे रुपयांत घरगल्लीतला गाळ काढायला मुंबईत कुणी आत वाकूनसुद्धा बघणार नाही. स्वस्त भाड्याने भाडेकरूला छप्पर दिलं आणि त्याच स्वस्ताईने त्याचं हत्यार बोथट केलं.

मग हे काम होत होतं ते कसं? थोडं चाळ कमिटीच्या वर्गणीतून, थोडं ओळखीने, बरंचसं पालिकेच्या सफाई कामगाराच्या अंगमेहनतीतून. कमिटीच्या जमाखर्चाच्या वहीत गणपतीचा मांडव, जिन्यातले बल्ब, टाकीची सफाई आणि मोरी काढणाऱ्याला दिलेली बिदागी एकाखाली एक येत. तळमजल्याचा भाडेकरू वर्गणीला सगळ्यांत तयार, कारण पाणी आधी त्याच्या दारात येई. तिसऱ्या मजल्यावरच्याला घाई नसे. आणि तिसऱ्या मजल्यावरूनच भाजीची देठं, माशांची खवलं, केरसुणीने लोटलेला केर खिडकीतून थेट खाली जाई. ही भाडेकरूंचीच करणी होती. मालकाने भिंत सोडली, पालिकेने बोळ सोडला म्हणून कचऱ्याची पिशवी आपोआप खाली पडत नाही. घरगल्ली तुंबलेली असल्यानेच तिथे कचरा टाकायला काही वाटत नाही आणि कचरा पडतो म्हणून ती तुंबते. या चक्रात आधी कोण, हे कुणीच सिद्ध करू शकलेलं नाही, पण दर पावसाळ्यापूर्वीच्या सभेत तो वाद मात्र रंगतो.

टोपल्यांचे संडास गेले, हलालखोर हा शब्द कागदावरून गेला. बोळात उतरणारी माणसं मात्र बहुतेक त्याच जातींची राहिली.

रात्रीचा पहारा पालिकेने उंदीर मारणाऱ्यांवर सोपवला. कागदोपत्री त्यांना मूषक संहारक म्हणतात. एका हातात विजेरी, दुसऱ्या हातात काठी, खांद्यावर पोतं. प्रकाशझोताने उंदीर क्षणभर थिजतो, तेवढ्यात काठी पडायला हवी. एका रात्रीचा कोटा तीस उंदरांचा. सकाळी पोतं चौकीवर उलटं करून मोजणी होते आणि आकडा कमी भरला तर त्या रात्रीच्या मजुरीला कात्री लागते. काही उंदीर प्लेगच्या तपासणीसाठी परळला हाफकिन संस्थेत जात, म्हणजे 1905 च्या त्याच आवारात. या नोकरीसाठी पदवीधरांनीही अर्ज केल्याच्या बातम्या मोठ्या चवीने छापल्या गेल्या. त्यांचं काम मुख्यतः बाजार, रस्ते, मोकळ्या जागा, पालिकेच्या हद्दीतलं. फाटकाच्या आत तक्रार आली तर माणूस येतो, बिळात गोळ्या टाकतो आणि बिळाभोवतीचा कचरा हलवा, असं सांगून जातो. कुणी हलवायचा, ते त्याच्या अखत्यारीत नाही.

1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि पाठोपाठ सुरतेत प्लेगची बातमी आली तेव्हा मुंबईतल्या जुन्या चाळींत पुन्हा एकदा कोपरे खरवडले गेले. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसने माणसं गेली. उंदराच्या लघवीतून पाण्यात मिसळणारा हा जिवाणू साचलेल्या पाण्यातून चालणाऱ्याच्या पायाच्या जखमेतून आत शिरतो. पिसू लागत नाही, गुडघाभर पाणी पुरतं. पुराचं पाणी घरगल्लीतून जिन्याखाली, जिन्याखालून खोलीत येतं. शंभर वर्षांपूर्वी परळच्या आयोगाने आखलेली वाट तीच, वाहन बदललेलं.

आता चाळी जाताहेत. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या बीडीडी पुनर्विकासातल्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. 160 चौरस फुटांच्या खोलीत, संडास बाहेर ठेवून राहिलेल्यांच्या घरात संडास आला, भाडेकरूचा मालक झाला. सामाईक जागा मात्र कमी झालेली नाही. लिफ्टची विहीर, नळांचे उभे डक्ट, तळघरातली पार्किंग, कचऱ्याची खोली, पंपघर: चाळीत इतक्या प्रकारची सामाईक जागा कधी नव्हती. फरक इतका की तिचा मासिक खर्च आता सोसायटीच्या बिलात छापून येतो आणि पेस्ट कंट्रोलचा ठेका कुणाला द्यायचा यावर वार्षिक सभेत भांडता येतं.

या टॉवरांमध्ये आणि उपनगरांतल्या हजारो फ्लॅटांमध्ये जे भाड्याने राहतात, ते बहुतेक अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर. सोसायटीच्या सभेला त्यांना बोलावणं नसतं आणि घरमालक अनेकदा दुसऱ्या शहरात किंवा परदेशात. त्यांच्यासारख्यांचा विचार करून केंद्र सरकारने 2021 मध्ये आदर्श भाडेकरार कायद्याचा नमुना काढला. राज्यांनी आपापल्या सोयीने तो स्वीकारायचा आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात कुणी काय दुरुस्त करायचं याची यादी दिली आहे. मुख्य बांधकामाची डागडुजी, रंगसफेदी, पाइप आणि वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, तुंबलेल्या मोऱ्या, बेसिन, गीझर, दारांच्या मुठी, खिडक्यांच्या काचा भाडेकरूकडे. माशा अडवणाऱ्या जाळ्या बदलण्याचं कामही भाडेकरूचंच. कीटकांचा उल्लेख या यादीत त्या जाळीपुरता येतो. उंदीर, घूस, ढेकूण, झुरळ, वाळवी यांचा नाही. आणि सामाईक सोयींबद्दल कायदा म्हणतो की त्यांच्या देखभालीची वाटणी दोघांनी आपल्या करारात लिहून घ्यावी. मुंबईत तो करार एजंटाच्या संगणकात तयार असतो. त्यात नाव, रक्कम आणि तारखा तेवढ्या बदलतात.